निर्दोषांची फळी

मिस्त्रीकाकांच्या गॅरेजमध्ये एक शब्द बंद होता. शिव्या चालत, राजकारण चाले, बिडीसुद्धा चाले. 'वाटते' चालत नसे.

"मले वाटते बॅटरी गेली," असं कोणी बोललं की गाडीखालून एक काळा हात बाहेर यायचा आणि हातपंपाकडे बोट दाखवायचा. तिथे बादली ठेवलेली असे. बोलणाऱ्यानं ती भरून गॅरेजमागच्या वांग्यांना घालायची, मगच पुढची गोष्ट. यातून सुटका कोणालाच नव्हती. भंडाऱ्याचे एक वकील बोलण्याच्या ओघात चार बादल्या घालून ओल्या बुटांनी परत गेलेले मी पाहिले आहेत. काकांची वांगी अशी परक्यांच्या अंदाजांवर पोसलेली होती. चवीला फार चांगली लागत.

गॅरेज शहापूरला हायवेच्या कडेला होतं. वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन, पाटी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पाटी कायले? ज्याची गाडी बंद पडली तो बरोबर शोधते." हात धुवायला साबण नव्हता, तुमसरच्या राइस मिलमधून आणलेलं कोंड्याचं पोतं होतं. मूठभर कोंडा घेऊन ते ग्रीस असं चोळून काढत की बघणाऱ्याला आपलेही हात चोळावेसे वाटत. मागच्या दोन खोल्यांत घर होतं आणि स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजमध्ये उघडायची. काकूंचा नवऱ्याच्या धंद्यातला सगळा सहभाग त्या खिडकीतून होई.

त्या खिडकीच्या वर ती फळी होती.

फळीवर जुने पार्ट मांडलेले होते: ट्रॅक्टरचा डायनामो, एका जीपचे दोन इंजेक्टर, एक हॉर्न, दोन-तीन रिले, एक अख्खी बॅटरी. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठ्या लग्नपत्रिका कापून केलेल्या, कारण पत्रिकेचा कागद जाड असतो आणि गावात फुकट येतो. एका बाजूला 'चि. सौ. कां.' आणि सोनेरी गणपती, दुसऱ्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं: पार्टचं नाव, आरोप कोणी केला, आणि खाली 'निर्दोष'.

दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीनं किंवा गाडीच्या मालकानं उगाच दोष देऊन काढून टाकलेले, पण तपासल्यावर धडधाकट निघालेले हे पार्ट होते. काका ते भंगारात जाऊ देत नसत. मालक परत आला तर त्याच्या हातात देत, नाही आला तर सांभाळत. त्यात कुकरचं एक झाकणही होतं. मी चिठ्ठी उलटून वाचली. 'कुकर. डाळ जळली. आरोप: मी केला. निर्दोष.'

"गॅसवर ठेवून हे रेडिओ आयकत बसले," खिडकीतून काकू म्हणाल्या. "अन् दोष कुकरले."

माझा या फळीशी संबंध आला तो आमच्या गाडीमुळे. चौदा वर्षांची, डिझेलवरची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली गाडी. सभांच्या सतरंज्या, लाउडस्पीकर आणि पत्रकांचे गठ्ठे घेऊन ती पवनीपासून तुमसरपर्यंत फिरलेली. त्या उन्हाळ्यात तिला एक खोड लागली. हायवेवरच्या पुलाचा चढ चढताना ती एकदम दम सोडायची. समोर पिवळा दिवा लागायचा, पाय कितीही दाबा, गाडी बैलगाडीच्या चालीवर. बाजूला घेऊन बंद केली आणि पुन्हा सुरू केली की जणू काही झालंच नव्हतं. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा मी पुलाच्या अलीकडच्या त्याच पंपावर डिझेल भरून निघाले होते.

मला आणखी कसला पुरावा हवा होता? मी अशा घरात वाढले जिथे मुलं पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं गिरवतात. आमच्या बाबांचा छोटा छापखाना आहे, आणि त्यांचा एक नियम आहे: पत्रकात 'कदाचित' घातलं की कागद वाया. मी तो नियम दुधाबरोबर प्यायले होते. तिसऱ्यांदा गाडी बसली त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा होता 'डिझेल की पाणी?' भेसळ, नफेखोरी, सामान्य माणसाच्या घामाची लूट, सगळं त्यात होतं आणि सगळं ठाशीव अक्षरांत होतं. पाचशे प्रती. बाजारात वाटल्या, बसस्टँडवर वाटल्या, शेवटच्या पन्नास त्या पंपाच्या तोंडाशी उभं राहून वाटल्या. त्या दिवशी मला भाकरी फार गोड लागली.

मग मी त्या पंपावर बहिष्कार घातला आणि भंडाऱ्यात डिझेल भरू लागले. आठ दिवसांनी त्याच पुलावर गाडी चौथ्यांदा बसली. माझ्याकडे याचंही उत्तर होतं. टाकीच्या तळाला जुनं पाप उरलं असणार.

तशीच रखडत मी गाडी मिस्त्रीकाकांकडे नेली, आणि हकिकत सांगण्याऐवजी पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानं, पूर्ण, अगदी छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "साक्षीदार किती?"

"म्हणजे?"

"पाणी पाहणारे. किती जण?"

"मी आहे ना."

"अन् दुसरा?"

"गाडी."

"गाडी बोलली का, मले पाणी पाजलं म्हणून?"

"काका, पण मले वाटते..."

बोट हातपंपाकडे गेलं. मी बादली भरली.

मी वांग्यांना पाणी घालत होते तेव्हा काकूंनी खिडकीतून विचारलं, "तूच का व ते कागदवाली? त्या सुनंदाले काढलं म्हणते पंपावरून."

सुनंदाला मी चेहऱ्यानं ओळखत होते. तलावाच्या पाळीजवळच्या धिवरांच्या वस्तीतली, नवरा तलावात जाळं टाकणारा. त्या पंपावर नोझल हातात घेणारी ती पहिली बाई, आणि सहा वर्षं ते तिच्या हातात होतं. माझ्या गाडीत तिन्ही वेळा डिझेल तिनंच भरलं होतं. पत्रकानं गडबड झाल्यावर मालकानं हात झटकले. जमिनीखालच्या टाकीत पाणी तर नाही ना, हे रोज सकाळी पाहायचं काम सुनंदाचं होतं, तिनं हयगय केली, असं तो लोकांना सांगू लागला, आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं. मी बाण मालकावर सोडला होता. मालक थोडा बाजूला झाला, इतकंच.

मी रिकामी बादली घेऊन परत आले. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. दोषी डिझेल होतं, नाहीतर मी. मला काय निघायला हवं होतं ते लपवत नाही. डिझेल काळंकुट्ट निघावं, अर्धं पाणी निघावं, अशी मी मनात प्रार्थना करत होते, आणि मी प्रार्थना करणाऱ्या घरातली नाही.

काकांनी डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला आणि खालचं डिझेल एका पारदर्शक बाटलीत घेतलं. "पाणी जड राहते. जुनं असो का नवं, असलं तर इथंच खाली बसते. चहा पिऊ." चहा झाला. बाटली उन्हात धरली. बुडाशी रेघ नव्हती, थेंब नव्हता. डिझेल अगदी स्वच्छ होतं.

"घनता मागितली होती का पंपावर?" त्यांनी विचारलं.

"फिल्टर पेपरची टेस्ट असते ना ती?"

"ते पेट्रोलची. डिझेलची घनता पाहावी लागते. काचेचं भांडं, तरंगणारी काडी, थर्मामीटर. कोणीबी मागू शकते, पंपवाल्याले दाखवाच लागते. तू इतकं लिवलं, मागितली नाई?"

नाही मागितली. हक्कांवर मी डझनभर पत्रकं लिहिली होती. हा एक हक्क वापरायला अर्धा तास लागला असता.

मग त्यांनी कापडाखालून स्कॅनर काढला. तो वापरायला त्यांचा विरोध नव्हता, विश्वास ठेवायला होता. "स्कॅनर म्हणजे गल्लीतली म्हातारी. भांडण कोणाच्या घरी आहे ते बरोबर सांगते. चूक कोणाची, हे तिले इचारू नये." म्हातारीनं सांगितलं की भांडण ॲक्सिलरेटरच्या पायट्याशी, म्हणजे पेडलशी, आहे.

पुढचं त्यांनी मला ज्या तऱ्हेनं समजावलं त्यापेक्षा सोपं मी आजवर कुठं वाचलेलं नाही. अशा गाडीत पायट्याला तार बांधलेली नसते. पायट्यापाशी एक सेन्सर असतो. पाय किती दाबला, ते तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला विजेच्या भाषेत कळवतो. "अन् त्याच्यात दोन साक्षीदार बसवले राहते. एक जेवढं सांगते, दुसरा बरोबर त्याच्या अर्ध सांगते. दोघायचं जमलं, तर कॉम्प्युटर मानते. जमलं नाई, तर तो दोघायचंबी आयकत नाई. पिवळा दिवा लावते अन् गाडी हळू करते, का बाबा, खोट्या साक्षीवर धावण्यापेक्षा रखडलेली बरी."

त्यांनी माझ्या पत्रकाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

नवा पार्ट टाकून पाहू, असं म्हणणारे मिस्त्री हायवेवर पुष्कळ होते. काकांचा नियम असा की मालकानं स्वतःच्या डोळ्यांनी दोष पाहिल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. त्यांनी सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मागून शिंप्याच्या टाचण्या खोचल्या, त्यांना मीटरच्या तारा लावल्या. मीटर जुना, काट्याचा. आकड्यांचाही होता त्यांच्याकडे, पण "आकडा गडबडून जाते, काटा लाजते. लाजलेला लवकर दिसते." चावी लावली, इंजिन बंद ठेवलं, आणि मला स्टिअरिंगखाली वाकून पायटा हातानं दाबायला लावलं.

"हळू. धानाच्या बांधीत रोवणा करताना चिखलात पाय टाकते तसा. अन् काटा काय करते ते मोठ्यानं सांग."

"चढून राहिला... चढून राहिला... चढला."

"हा पहिला. आता दुसरा." त्यांनी टाचणी बदलली.

"चढून राहिला... चढून..." काटा एकदम खाली पडला आणि पुन्हा उठला. "पडला."

"पुन्हा."

पुन्हा पडला. त्याच जागी. तिसऱ्यांदाही त्याच जागी. त्यांनी तारा हलवल्या, वाकवल्या, कनेक्टर काढून साफ करून बसवला, येणारी वीज आणि अर्थिंग तपासलं. "वायर खरी बोलून राहिली." मग पुन्हा मला दाबायला लावलं. पडला.

"कोण दोषी?"

मी म्हणाले, "सेन्सर." यावेळी हातपंपाकडे बोट गेलं नाही.

"पण काका, पंपावरून निघाल्यावरच काहून?"

"पंपाच्या पुढं काय आहे?"

"पूल."

"चढावर तुया पाय किती दाबते?" त्यांनी हातानं पायटा अर्ध्याच्या जरासा पुढं नेला. काटा पडला. "इथं."

त्यांनी नवा पायटा नागपूरहून मागवला, कारण या गाडीत सेन्सर पायट्यासकट येतो. दोन दिवसांनी बसच्या डिक्कीतून पार्सल आलं. नवाही त्यांनी आधी काट्यावर तपासला. "नवीन म्हणजे निर्दोष नाई, फक्त नवीन." मग तीन नट, एक कनेक्टर, आणि चावी लावून पायट्याला हात न लावता जरा वेळ बसणं, म्हणजे कॉम्प्युटरला नव्या पायट्याची बसायची जागा कळते. म्हातारीच्या यादीतलं जुनं भांडण पुसून टाकलं. पुलावर चार खेपा झाल्या. गाडी वासरासारखी पळाली.

जुना सेन्सर त्यांनी माझ्यासमोर फोडला. आत एक काळी पट्टी होती आणि तिच्यावरून घासत जाणारा पत्र्याचा पातळ हात. पट्टी सगळीकडे काळी होती, एका जागी झिजून पांढुरकी झाली होती.

"पाय रोज जिथं राहते तिथंच झिजते," ते म्हणाले. मग कोंडा हातावर घेता घेता, अगदी सहज, "तुया डोक्यातबी अशी एक जागा घासली आहे, पोरी. मालक दिसला का काटा पडते."

मला राग आला. अजूनही थोडा येतो, कारण मालक बहुतेक वेळा दोषी असतोच. पण काका बोलण्यापुरतं बोलले नव्हते. फिल्टरमधलं डिझेल भरलेली ती बाटली त्यांनी बुचानं बंद केली, माझं पत्रक तिच्याभोवती गुंडाळलं, दोरा बांधला आणि चिठ्ठी लिहिली. 'डिझेल. आरोप: पत्रकवाल्या बाई. निर्दोष.' आणि बाटली कुकरच्या झाकणाशेजारी फळीवर ठेवली.

"किती कागद वाटले होते?"

"पाचशे."

"मंग पाचशे."

दुसऱ्या पत्रकाचा पहिला खर्डा मी दोन पानी लिहिला. त्यात तेल कंपन्या होत्या, खाजगीकरण होतं, जुन्या गाड्या वापरायला लावणारी व्यवस्था होती, आणि तळाशी कुठंतरी माझी चूक होती. काकांनी पेन्सिल घेतली. "हे गाळून घे. बुडाशी काय राहिलं ते छाप." बुडाशी पाच ओळी राहिल्या. मी अमुक पंपाच्या डिझेलवर आरोप केला. तो तपासून केला नव्हता. बिघाड माझ्या गाडीच्या पायट्यात होता. त्या आरोपामुळे सुनंदाताईंचं काम गेलं, त्यांचा काही दोष नव्हता. मी माफी मागते. सहावी ओळ माझी होती आणि ती मी भांडून ठेवली: डिझेलची घनता पाहण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, आरोप करण्याआधी तो वापरा.

बाबा म्हणाले, "माफीचं पत्रक या मशीनवर कधी निघालं नाही." मग अक्षरं एक घर मोठी केली. तेव्हा मला कळलं. बाबा 'कदाचित' हा शब्द काढून टाकत. काका शंका काढून टाकत. मला आजवर वाटत होतं ते एकच काम आहे.

ते पत्रक वाटणं हे मी केलेलं सगळ्यात अवघड काम. लोक आरोपाला हात पुढे करतात, माफी खिशात कोंबून निघून जातात. पंपाचा मालक वाचून म्हणाला, "बरं झालं. पण तिले आता नाई घेता येत. उद्या लोक म्हणतील, पंप कागदावर चालते." मी त्याच्याशी वीस मिनिटं वाद घातला. उपयोग शून्य. सुनंदाच्या घरी गेले तर ती जाळ्याची गाठ मारत होती. पत्रक वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "माफी चांगली लिवली. रोजीले काय लावू, हे?"

मी मान खाली घालून काकांकडे आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सहावी ओळ छापली ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्लास्टिकचा कॅन घेऊन पंपावर गेले. पार्ट धुवायला त्यांना डिझेल लागेच. रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर म्हणाले, "घनता दाखवा." कायद्यानं दाखवावीच लागते. पण सहा वर्षं ते काम सुनंदानं केलं होतं. नव्या माणसानं काचेचं भांडं शोधून काढलं, डिझेल ओतलं, काडी तरंगवली, आकडा वाचला आणि रजिस्टरशी लावून पाहिला. जमेना. भंडाऱ्याचं वैशाखातलं ऊन, डिझेल तापलेलं. तापलेल्या डिझेलचा आकडा तक्त्यावर पाहून पंधरा अंश तापमानाच्या हिशेबात आणावा लागतो, तेव्हा तो रजिस्टरशी जुळतो. तक्ता भिंतीवर होता. तो वाचता फक्त सुनंदाला येत होता.

मागच्या रांगेतले ट्रॅक्टरवाले पुढं आले. "काहून जी, जमून नाई राहिलं?" कोणाच्या तरी खिशातून माझं पत्रक निघालं. मग त्यालाही घनता पाहायची होती, आणि त्याच्या मागच्यालाही. तीन दिवस हेच. मालकाचं शुद्ध डिझेल रोज सकाळी चारचौघांत नापास होत होतं, आणि काका रोज रिकामा कॅन घेऊन शांतपणे पहिले उभे. मालक त्यांच्यावर ओरडला, "मिस्त्री, तुमाले माहीत आहे ना माल चांगला आहे?"

"मले माहीत आहे. पण मी कोण? जिले वाचता येते तिले बोलवा."

चौथ्या दिवशी सुनंदा नोझलजवळ होती.

तेव्हापासून मी तिथेच डिझेल भरते. प्रत्येक वेळी ती आधी भांडं आणून माझ्या समोर ठेवते, तक्ता दाखवते आणि म्हणते, "वाचा. मोठ्यानं." मागची गाडी हॉर्न देते. मी वाचते.

दोन वर्षांनी काकांचे गुडघे गेले. गॅरेज बंद करून ते काकूंना घेऊन पवनीला मुलीकडे राहायला गेले. जाण्याआधी पंधरा दिवस त्यांनी एकच काम केलं. फळीवरचा प्रत्येक निर्दोष पार्ट ज्याचा त्याला पोचता केला. डायनामो तुमसरला गेला, इंजेक्टर एका साकोलीवाल्याकडे. भंडाऱ्याच्या त्या वकिलांना त्यांचा रिले रजिस्टर्ड पोस्टानं मिळाला. माझी बाटली बसच्या कंडक्टरनं आणून दिली. पत्रक पिवळं पडलेलं, चिठ्ठीवर 'निर्दोष'च्या खाली एक नवी ओळ: 'कामाले लाव.'

मी ती बाटली घेऊन पंपावर गेले. सुनंदानं चिठ्ठी वाचली, बाटली उन्हात धरून बुडाशी पाहिलं, बूच काढून वास घेतला.

"चांगलं होतं, तर दोन वर्षं कोंडून कायले ठेवलं?" ती म्हणाली, आणि माझ्या टाकीचं झाकण उघडून शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. मग नोझल उचललं आणि मीटरकडे बोट केलं.

"झिरो पाहून घ्या, ताई. दोनदा पाहा. तुमचं काई सांगता येत नाई."